पान तीनचं भोक आणि पान चारची पोर

मी साप्ताहिक ‘आसनाकाठ’चा १९७३ सालचा बांधीव खंड बोलतोय. बोलतोय कसला, भांडतोय. पन्नास वर्षं मी मूग गिळून बसलो. माझ्या पाठीवर पाण्याचं पिंप ठेवलं, तरी हूं की चूं केलं नाही. आता मात्र माझ्या अंगाचा तिळपापड झालाय, तेव्हा तुम्हाला ऐकून घ्यावंच लागेल.

आसना नदीकाठच्या वसमत गावात, एका अरुंद बोळात, पत्र्याच्या छपराखाली गोपाळरावांचा छापखाना होता. संपादक तेच, बातमीदार तेच, मुद्रितं तपासणारे तेच आणि अंकांवर पोस्टाची तिकिटं चिकटवणारेही तेच. हाताखाली एक कंपोझिटर तेवढा होता. शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा जुळवून चार पानांचा अंक दर गुरुवारी निघायचा. वर्ष संपलं की गोपाळराव बावन्न अंक ओळीने लावायचे, दाभणाने शिवायचे, पुठ्ठा घालून वर लाल कापड चढवायचे. असा मी जन्मलो. पाठीवर त्यांनी दौतीतल्या शाईने साल लिहिलं आणि बायकोला, प्रेमाबाईंना म्हणाले, “हे दागिन्यांच्या डब्यासारखं सांभाळायचं बरं का.” प्रेमाबाईंनी सांभाळलंही. त्या होत्या तोवर माझ्यावर धूळ बसली नाही.

माझ्यात असं काय आहे, म्हणून नाक मुरडू नका. दिल्ली-मुंबईच्या बातम्या माझ्यात नाहीत, त्या तुम्हाला कुठेही मिळतील. हट्ट्याच्या कोणत्या विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात आटलं, सेनगावच्या बाजारातून कोणाची बैलजोडी चोरीला गेली, कोणाच्या मुलीचं कोणत्या गावी जमलं, कोण वारलं आणि त्याच्यामागे कोण कोण उरलं, हे माझ्यात आहे. तुमच्या आजोबांचं नाव तुम्हाला ठाऊक असेल. पणजोबांचं विचारलं की तुम्ही छताकडे बघता. ते पणजोबा आमच्यासारख्यांच्या पानांत बसलेत. तुम्ही काही भेटायला येत नाही, ते मात्र तिथेच आहेत.

माझं साल दुष्काळाचं. माणसं गावंच्या गावं सोडून खडी फोडायला, तलावाच्या मातीकामावर निघाली होती. त्या मार्चमधल्या एका अंकात चौकटीत एक मजकूर छापलाय. तो मला तोंडपाठ आहे. “मुलगी सापडली आहे. वसमत स्टेशनवर. वय अंदाजे चार वर्षे. अंगावर मोठ्या माणसाचा सदरा. ताप असल्याने बोलत नाही. उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग. ओळख पटल्यास संतराम, मुक्काम हट्टा, यांच्याकडे यावे.”

त्यानंतर सात आठवड्यांनी, पान चारवर दुसरी चौकट आली. “मुलगी हरवली आहे. वय चार वर्षे. उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग.”

डोळ्यांत तेल घालून अंक काढणाऱ्या गोपाळरावांच्या लक्षात हे यायलाच हवं होतं. पण त्या आठवड्यात ते टायफॉइडने अंथरुणाला खिळले होते आणि कंपोझिटरने एकट्याने अंक काढला. खिळे जुळवणारा माणूस उलटी अक्षरं बघतो, मजकूर नाही. दोन्ही चौकटी माझ्यातच शिवल्या गेल्या. त्या दोघींच्या मध्ये फक्त अठ्ठावीस पानं होती.

दुसऱ्या चौकटीत पुढे काय होतं, ते मात्र मला सांगता येणार नाही. माणसाचं बोट तुटलं तरी ते त्याला आठवत राहतं म्हणे. आमचं तसं नसतं. जे कापून नेलं ते गेलं. कोणी नेलं, ते आता ऐका.

गोपाळराव गेले, पाठोपाठ प्रेमाबाई गेल्या. आम्हां एकतीस खंडांना गावातल्या एका वाचनालयात आणून टाकलं. त्या दिवशी हार-तुरे झाले, फोटो निघाले. मग आम्हाला मागच्या खोलीत ढकललं आणि खोलीला कुलूप लागलं. किल्ली असायची वाचनालयाच्या अध्यक्षांकडे, म्हणजे हरीशरावांकडे.

हे हरीशराव निवृत्त शिक्षक. गावात त्यांना इतिहासाचे अभ्यासक म्हणतात. दर सतरा सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन झालं की ते माइक धरतात आणि एक वाक्य हमखास बोलतात, “आपल्या भागाचा इतिहास कोणी जपलाच नाही!” लोक टाळ्या वाजवतात. मी वाचनालयात पडल्यापडल्या ते वाक्य बारा वेळा ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेलीय.

कारण बारा वर्षांपूर्वी हेच हरीशराव एका दुपारी माझ्याजवळ आले. मला फार बरं वाटलं होतं. वाटलं, चला, अखेर कोणीतरी वाचायला आलं. त्यांनी पानं उलटली आणि एका अंकाच्या पान तीनवर थांबले. तिथे त्यांच्या वडिलांचा फोटो होता, दुष्काळ निवारण समितीच्या अध्यक्षपदी निवड झाल्याचा. त्या फोटोचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, गोपाळरावांनी खास हैदराबादहून करून आणला होता. हरीशरावांचे डोळे भरून आले. मग त्यांनी खिशातून अर्धं ब्लेड काढलं आणि पट्टी लावून, अगदी सरळ रेषेत, फोटो मजकुरासकट कापून घेतला.

प्रेमाने कापला हो! म्हणूनच राग जास्त येतो. वाळवीने खाल्लं असतं तर मी तिला काय बोलणार होतो? तिला अक्षर कळत नाही. वर्तमानपत्राच्या पानाला दोन बाजू असतात, एवढं चाळीस वर्षं शिकवलेल्या मास्तरांना कळू नये? पुढच्या बाजूला त्यांचे वडील, बापू होते. पाठीमागे पान चार होतं.

त्यानंतर माझी रवानगी वाचनालयाच्या पुढच्या खोलीत झाली. खुश होऊ नका. पाण्याच्या पिंपाला उंची कमी पडत होती, म्हणून आम्हां तिघा भावांना एकावर एक रचून वर पिंप ठेवलं. मी सगळ्यात वर. नळ गळायचा. माझं लाल कापड आधी गुलाबी झालं, मग कसलंच राहिलं नाही.

याच अवस्थेत असताना मला पहिल्यांदा प्रतिक्षा दिसली. त्याला आता चार वर्षं होतील. हट्ट्याच्या पोस्टात ती डाक वाटते. तिची आई शकुबाई, म्हणजेच ती स्टेशनवर सापडलेली पोर. संतराम आणि धुरपताबाईंनी तिला पोटच्या लेकीसारखं वाढवलं, ताप उतरून ती बोलायला लागली तेव्हा तिला काही सांगता येईना, म्हणून शकू हे नाव ठेवलं, लग्न करून दिलं. खरं काय ते धुरपताबाईंनी शेवटच्या दुखण्यात सांगितलं. “तू माझ्या पोटची न्हाईस, बाई. लई शोधलं आमी. वसमतच्या पेपरात छापलं बी व्हतं.” एवढ्या एका धाग्यावर लेक आईचं माहेर शोधायला निघाली होती.

ग्रंथपालाच्या टेबलाशी अद्वैत बसला होता. तो मोबाइलमधून मान वर काढत नाही, त्यामुळे त्याचा चेहरा मलाही नीट ठाऊक नाही.

“सर, त्र्याहत्तर सालचा ‘आसनाकाठ’ पाहायचाय.”

“जुनं काही नाही इथं.”

“मागच्या खोलीत असंल का? मी शोधू का?”

“अर्ज द्या. अध्यक्षांची सही लागते.”

प्रतिक्षाने तिथेच उभ्याने अर्ज लिहिला. ऊन फार होतं. जाताना ती पिंपापाशी आली, पेला भरला आणि उभ्याउभ्या पाणी प्याली. तिचा पाय माझ्यापासून वीतभर लांब होता. मी ओरडत होतो, पोरी, खाली बघ! पण आम्हा कागदांचा आवाज वाचल्याशिवाय येत नाही.

तो अर्ज हरीशरावांकडे गेला. त्यांनी वरच्या कोपऱ्यात लिहिलं, “कार्यकारिणीपुढे ठेवावा.” कार्यकारिणी चार वर्षांत एकदाही बसली नाही. प्रतिक्षा अधूनमधून यायची, विचारायची, रिकाम्या हाताने जायची. दर वेळी पाणी प्यायची. या चार वर्षांची किंमत काय होती, ते पुढे येईल. आत्ताच सांगितलं तर माझा तोल जाईल.

या उन्हाळ्यात कोणीतरी वाचनालयाला थंड पाण्याचं मशीन देणगी दिलं. पिंप गेलं. आमची गरज संपली. मागच्या खोलीचं कुलूप उघडून उरलेलेही काढले, एकतीसच्या एकतीस खंड व्हरांड्यात रचले आणि वर चिठ्ठी लावली: रद्दी, शनिवारी टेम्पो. खोली स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांसाठी हवी होती. त्या पुस्तकांत म्हणे मराठवाड्याच्या इतिहासावर एक धडा आहे.

गुरुवारी प्रतिक्षा आली, सोबत शकुबाई. दोघी बाजाराला आल्या होत्या आणि जाता जाता अर्जाचं विचारायला थांबल्या होत्या. व्हरांड्याची पायरी चढताना प्रतिक्षाची नजर माझ्या पाठीवर गेली. शाई फिकट झाली होती, पण गोपाळरावांनी लिहिलेला त्र्याहत्तरचा आकडा काही पुसला गेला नव्हता. तिने पिशवी खाली टाकली आणि फरशीवर बसकण मारली.

पहिली चौकट तिला अर्ध्या तासात सापडली. तिने ती मोठ्याने वाचली. शकुबाईंनी बांगड्या मागे सारल्या आणि मनगट माझ्या पानावर ठेवलं. डाग अजून तसाच होता. मला आजवर पुष्कळ हात लागलेत, पण त्या हाताचा स्पर्श वेगळा होता.

“पुढं बघ,” शकुबाई म्हणाल्या. “माजं बी कोणी छापलं असंल का? का मला टाकूनच दिलं व्हतं?”

ऐकलंत? छप्पन-सत्तावन्न वर्षांची बाई, घरात सुना-नातवंडं, आणि आत हा प्रश्न. आपल्याला कोणी शोधलं तरी होतं का, एवढंच तिला हवं होतं.

प्रतिक्षा अठ्ठावीस पानं पुढे गेली. “मुलगी हरवली आहे. वय चार वर्षे. उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग.” आणि पुढे भोक. भोकातून त्याच अंकाच्या पान दोनवरची बियाण्याची जाहिरात दिसत होती. तिने बोट भोकातून आरपार घातलं, तसंच ठेवलं आणि मग पान उलटून पुढची बाजू बघितली. फोटो गेला होता, पण वरचं शीर्षक शाबूत होतं.

“अद्वैत सर, समितीच्या अध्यक्षाचा फोटो कोणी नेला हो?”

पहिल्यांदाच त्याने मान वर केली. “तो ना? हरीश सरांच्या बैठकीत लावलाय की. हार घालून.” मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, “हे घेऊनच जा. नाहीतरी परवा रद्दीत जायचंय.” नोंद नाही, सही नाही. चार वर्षं ज्याच्या सहीसाठी अडवलं, ते असं हातात दिलं.

दोघी मला घेऊन तडक हरीशरावांच्या घरी गेल्या. त्यांनी दोघींना आदराने बसवलं, पाणी दिलं. “इतिहासाची आवड असलेली तरुण मंडळी पाहिली की आनंद होतो,” म्हणाले. प्रतिक्षाने मला टीपॉयवर ठेवलं आणि ते पान उघडलं. समोर भिंतीवर बापू होते. भोकाचं माप आणि बापूंचं माप एकच होतं, हे सांगायला मोजपट्टी लागत नव्हती.

“काहून कापलं सर तुमी हे?”

“अगं, ते आमच्या बापूंचं आहे. अमूल्य ठेवा आहे तो. तिथं पडून कुजला असता.”

“आन् पाठीमागं कोणाचं व्हतं?”

“मागच्या बाजूला काय छापलंय ते कोण बघतं?”

हे त्यांनी शकुबाईंसमोर म्हटलं. प्रतिक्षाने उरलेल्या दोन ओळी वाचून दाखवल्या आणि आईचा हात उचलून त्यांच्यापुढे धरला. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. उठल्या त्या त्यांच्या पत्नी रुख्मिणीबाई. स्वयंपाकघराच्या दारातून त्या सगळं ऐकत होत्या. स्टुलावर चढून त्यांनी हारासकट फ्रेम काढली.

“अगं, जपून! फाटेल ते!” सर ओरडले.

“आता फाटंल म्हनता? तवा ब्लेड घिऊन गेलते, तवा न्हाई वाटलं?”

मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

आत बापूंना पुठ्ठ्यावर खळ लावून चिकटवलेलं होतं, तेही सढळ हाताने. रुख्मिणीबाईंनी ओलं फडकं पसरलं, थांबल्या, परत ओलं केलं आणि पापड कापडावरून सोडवावा तसा एकेक कडेने कागद उचलला. पाऊण तास लागला. कागद सुटला, पण एका जागी खळ आडवी आली. तिथला बोटभर तुकडा पुठ्ठ्यालाच राहिला आणि लगदा झाला.

प्रतिक्षाने वाचलं. “नाव…” तिथेच लगदा होता. पुढे शाबूत होतं. “आगगाडीतून उतरली, कोणत्या स्टेशनवर ते कळले नाही. सात आठवडे शोधत आहोत. आई अन्नपाणी घेत नाही. वडील नेमसिंग पवार, धावजी नाईक तांडा, तालुका हिंगोली, जिल्हा परभणी.”

“शोधलं व्हतं,” शकुबाई म्हणाल्या. त्या रडल्या नाहीत. त्यांनी पुठ्ठ्यावरच्या लगद्यावरून बोट फिरवलं. “बापाचं नाव कळालं, गाव कळालं. मला काय म्हनायचे, तेवढंच ऱ्हायलं.”

सरांनी कात्रण पुन्हा भोकात बसवायला खळीची वाटी मागवली. रुख्मिणीबाईंनी ती दिली नाही.

जुना पत्ता सापडून भागत नाही. मधल्या काळात जिल्हे-तालुके नव्याने पाडले गेले; तो तांडा आज ना हिंगोली तालुक्यात, ना परभणी जिल्ह्यात. पण डाक वाटणाऱ्या पोरीला ते कोडं नव्हतं. “आता सेनगाव तालुका, हिंगोली जिल्हा,” ती म्हणाली. शनिवारी दोघी एसटीने सेनगावला आणि तिथून जीपने तांड्यावर गेल्या. मला पुरावा म्हणून सोबत घेतलं होतं, बाजाराच्या पिशवीत.

नेमसिंग कधीच वारले होते. दारात उत्तमसिंग भेटला, शकुबाईंच्या पाठचा भाऊ. ती हरवल्यानंतर जन्मलेला. तिने मनगट दाखवलं आणि त्याने ते दोन्ही हातांत धरलं.

“आमची याडी, म्हंजी आई, मोतीबाई, मागच्या पोळ्याला गेली,” तो म्हणाला. “धडधाकट व्हती. काठी घिऊन फाट्यापर्यंत जायची, येणाऱ्या जीपा बघायची. ताई, एक वरीस. एक वरीस आधी याला पायजे व्हतं.”

आता करा हिशेब त्या चार वर्षांचा. पहिल्या अर्जाच्या दिवशी कोणी पिंप उचललं असतं, तर ही माय लेकीला भेटली असती. पुढची तीन वर्षंही भेटू शकली असती. अर्ज फळीवर पडला होता, मी पिंपाखाली होतो, बापू हारात होते आणि मोतीबाई फाट्यावर उभी होती. यावर कोणाला काय शिक्षा झाली? सांगतो. अद्वैतच्या टेबलावर पंखा आला आणि हरीशरावांच्या भिंतीवर एक चौकोनी डाग उरला.

उत्तमसिंगने आतून पत्र्याची पेटी आणली. आरशांचं काम केलेल्या घागऱ्याच्या घडीत, लिंबाचा पाला घालून, एक वर्तमानपत्र ठेवलेलं होतं. माझाच अंक. तोच गुरुवार, तीच चार पानं, एकही कडा दुमडलेली नाही, एकही डाग नाही. “तिला वाचाया येत नव्हतं,” तो म्हणाला. “पन दर दिवाळीला काढायची, उन्हात धरायची, नवा पाला घालून ठिवायची. आमाला हात लावू देत नव्हती.”

प्रतिक्षाने पान चार उलगडलं.

“नाव सोमली,” तिने वाचलं.

“व्हय,” शकुबाई हळूच म्हणाल्या, शाळेत हजेरी दिल्यासारख्या. मग म्हणाल्या, “परत वाच.”

तिने परत वाचलं. परत “व्हय” आलं. किती वेळा ते मी मोजलं नाही.

आम्ही तांड्यावर होतो तेव्हाच तिकडे वसमतला टेम्पो आला आणि माझी तीस भावंडं भरून नेली. त्यांच्यात कोणाकोणाच्या चौकटी होत्या, ते आता कधीच कळणार नाही. मी हट्ट्याला शकुबाईंच्या घरी फळीवर आहे, भोकासकट. तुमच्या गावातही माझ्यासारखा कोणी असेलच, पिंपाखाली, माळ्यावर, टेम्पोची वाट बघत. त्याला उचला. दोन्ही बाजूंनी वाचा. कापू नका, चिकटवू नका, अर्जावर शेरे मारू नका. मोतीबाईला एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी तिनं बावन्न वर्षं एक अंक जपला. तुम्हाला तर वाचता येतं.